नसीमबाईंची बदली

मंगळवार, संध्याकाळ. दर्पण कॉलनी

आज अनुदानाच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब शाळेत आले होते. मराठीला मुलं कमी, म्हणून एक शिक्षक मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत जाणार. नियमाने शेवटी लागलेला जातो, म्हणजे माझा भाचा श्रीधर. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष मात्र हसून म्हणाले, "नसीमबाईंनाच पाठवू. उधर उनके अपने लोग हैं. भाऊसाहेब, तुमचा भाचाही वाचला!" मी चहाचा कप पुढे ओढला. का नाही अडवलं?

नसीम माझीच विद्यार्थिनी. कवितेच्या चाली माझ्याकडूनच उचललेल्या. तिची चौथीची मुलं चिमणीची कविता म्हणत होती, तेव्हा साहेबांचा पाय टेबलाखाली ताल धरत होता. सारखा तोच पाय आठवतोय. ताल कळणारा माणूस, आणि तरी अध्यक्षांच्या बोलण्यावर मान डोलावली...

निघताना नसीमला विचारलं, जाशील? "तिकडे मराठी कोणाला शिकवू, सर? कबुतरांना?" म्हणाली आणि पुसलेला फळाच पुन्हा पुसत राहिली.

साहेबांच्या पायावर काय रुसायचं? माझाही हलत होता. जीभ तेवढी हलली नाही.

उद्या ठरावावर सह्या. मी करणार नाही, उलट नियम वाचून दाखवीन. त्याआधी धाकट्या बहिणीला, ताराला फोन करायला हवा. ती विचारेल, "दादा, आपला कोण? माझा श्रीधर, की ती?" मी म्हणेन, दोघंही. तारा फोन आपटेल. आपटू दे.