‘चिंचेखालची’ भाग दोन: एक निःपक्षपाती अभ्यास

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

एका गंभीर अन्यायाची नोंद करणे भाग आहे. ‘चिंचेखालची फॅन क्लब, मुखेड-लातूर’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल मी सहाशे चाळीस शब्दांचा अभिप्राय टाकला. त्यात भयानक रसाची व्याख्या होती, तीन तळटिपा होत्या. उत्तरादाखल आला एक अंगठा. तोही रामकिशन कंडक्टरचा. आज स्टँडवर त्याला गाठून आभार मानले, तर म्हणाला, मी कुटं काय केलं साहेब, खिशात मोबाईल दाबला गेला आसंल.

अंगठा हा अभिप्राय नव्हे. तो अंगविक्षेप आहे.

पार्श्वभूमी (पुढे उपयोगी पडेल): ‘चिंचेखालची’ हा भुताचा सिनेमा. दुसरा भाग येऊन गेला, तिसरा १० एप्रिलला येतोय. नांदेडहून आमच्या पेपरच्या रविवार पुरवणीच्या महामाया मॅडमचा फोन होता. तालुका प्रतिनिधींनी चाहत्यांना विचारून तीनशे शब्द द्यायचे, की दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा होता का. मी लगेच हो म्हणालो. मठाच्या पाठशाळेत सहा वर्षं संस्कृत काढलेला वार्ताहर जिल्ह्यात दुसरा नाही.

दोन्ही भाग मी पाहिलेले आहेत. अंधाराचे प्रसंग सोडून.

सिद्धान्त तयार आहे: दुसरा भाग पहिल्यापेक्षा श्रेष्ठच असतो. शास्त्रार्थात पूर्वपक्ष मांडतात तोच मुळी खोडण्यासाठी. खरं काय ते उत्तरपक्षात येतं.

रेणुका चहा ठेवताना म्हणाली, ज्ञानूचं दुसरं वर्ष हाय म्हनून तुमाला जे ते दुसरं चांगलं दिसून राहिलंय. याचा इथे काहीही संबंध नाही. ज्ञानेश्वरी, आमची एकुलती कन्या, लातूरला रिपीटर बॅचला आहे. मागच्या वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेत थोडे मार्क कमी पडले, यंदा मेच्या पहिल्या रविवारी पुन्हा पेपर. ती बाब वेगळी, सिनेमाची बाब वेगळी. सौभाग्यवती एम.ए. असूनही त्यांना हा फरक कळत नाही.

संकल्प: सर्वेक्षण संपूर्ण निःपक्षपातीपणे करणे.

५ मार्च, गुरुवार

सुगतच्या दुकानी गेलो. मोबाइल दुरुस्त करतो, फॅन क्लबचा ॲडमिन. पहिला भाग अकरा वेळा पाहिलेला. दुसरा दीड वेळा. दीड कसा, विचारलं. म्हणाला, सर, दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, आपन कामून हे करून राहिलो.

त्याचं म्हणणं, पहिल्या भागात ती बाई तासभर दिसतच नाही, नुसत्या चिंचा पडतात. दुसऱ्यात दहाव्या मिनिटाला आली, केस मोकळे सोडून, आणि मग जातच नाही. पाव्हणी आल्यासारखी बसून राहिली, म्हणाला. भीती वाटायची सोडून तिला चहा टाकावा वाटला.

रामकिशनचा आक्षेप वनस्पतिशास्त्रीय आहे. दुसऱ्या भागात झाड चिंचेचं नाहीच, बाभळीचं आहे, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो. झाडच बदललं तर ती खालची कशी राहिली साहेब? ती बदली होऊन आली म्हना की मग.

एकूण चौदा जणांना विचारलं. दुसरा भाग वाईट: अकरा. बरा: दोन. एक जण म्हणाला, मी कव्हर बदलायला आलोय.

निष्कर्ष: नमुना सदोष. हे लोक सिनेमा फार वेळा पाहतात, त्यामुळे त्यांचं मत दूषित झालंय.

९ मार्च, सोमवार

शास्त्रशुद्ध मार्ग सुचला. ज्ञानूलाच विचारणे. ‘चिंचेखालची’ची जुनी चाहती. शिवाय कोणाचंही ऐकून मत बनवणारी नाही.

फोनवर ती हल्ली हूं आणि बरं एवढंच बोलते. अभ्यासाचा ताण, स्वाभाविक आहे. म्हणून डब्यातून विचारायचं ठरवलं. साडेसहाच्या लातूर गाडीत रोज पंचवीस-तीस डबे जातात, रामकिशन ते मागच्या सीटवर ओळीनं लावतो. आमच्या तालुक्याची निम्मी हुशारी लातूरला शिकते आणि तिचं जेवण एस.टी.नं जातं. भाकरीच्या फडक्यात प्रश्नपत्रिका ठेवली:

‘चिंचेखालची’ भाग दोन हा भाग एकपेक्षा: (अ) उत्तम (ब) अधिक उत्तम (क) अतिशय उत्तम (ड) वरीलपैकी सर्व.

संध्याकाळच्या गाडीनं डबा परत आला. चिठ्ठी कोरी. खाली बारीक अक्षरात: अप्पा, चुकलं तर मार्क कापतात. म्हणून सोडला.

सावध वृत्ती. परीक्षेला उपयोगी. शेपूची भाजी तशीच परत आली होती. शेपू तिला आवडते. ऊन वाढलंय, दुसरं काही नाही.

१० मार्च

रेणुकानं शेपू स्वतः खाल्ली. मला वाढली नाही.

१६ मार्च, सोमवार

देदीप्यमान यश. चाहते चुकीच्या ठिकाणी शोधत होतो!

सकाळी सव्वासहाला स्टँडवर डबे घेऊन जमलेल्या आई-बापांना प्रश्न विचारला. बहुतेक सगळी रिपीटरची माणसं. निव्वळ योगायोग. प्रश्न स्पष्ट होता, सिनेमाचं नाव घेऊन विचारला: ‘चिंचेखालची’ या चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे काय?

मग गुरम्मा पुढं आली. हिचा नातू लातूरला दुसऱ्यांदा बसलाय. म्हणाली, मी शिनिमा काय बगितला न्हाई बाबा. पन लिव, दुसऱ्या बारीला चांगलंच होतंय. मी म्हटलं, न पाहता कसं सांगता मावशी? तर म्हणाली, तू पेपरवाला हायस ना, मंग चांगलं लिवायला तुजं काय जातंय? आन माजं नाव ठळक टाक.

तिच्यामागे रांग लागली. हाव, दुसराच चांगला. लई चांगला. एका गृहस्थांनी विचारलं, भुताचा हाय म्हनता? असू द्या, भूत बी चांगलंच असंल. एक बाई पुन्हा मागं येऊन बघून गेल्या की मी त्यांची टिकमार्क नीट केली का. रामकिशन घंटी मारत ओरडत होता, मतदान झालं आसंल तर डबे द्या लवकर, जळकोटला टाइम लागतो.

एकोणीसपैकी एकोणीस. शंभर टक्के.

या मंडळींनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या मनात पूर्वग्रह असण्याचा प्रश्नच येत नाही. याहून निःपक्षपाती नमुना मिळणार नाही.

२२ मार्च, रविवार

छापून आलं! ‘दुसरा भागच श्रेष्ठ: मुखेडच्या रसिकांचा एकमुखी कौल’. कात्रण काढून डब्यात ठेवायला दिलं. रेणुका म्हणाली, पोरीला भाजी देऊ द्या आधी, मग तुमचा कौल. शेवटी दोन्ही ठेवलं.

२३ मार्च, सोमवार

सुगतनं मला ग्रुपमधून काढलं. कारण विचारायला गेलो, तर शांतपणे स्क्रू फिरवत म्हणाला, सर, ती गुरम्मा आमच्या आळीतली हाय, तिच्या घरी टीव्ही बी न्हाई. मी म्हटलं, रसिकतेला टीव्ही लागत नाही. तो म्हणाला, पन सिनेमाला डोळे तर लागतात.

दुपारी महामाया मॅडम. लातूरहून सात चाहत्यांचे मेल आलेत, एकानं विचारलंय की हे एकोणीस जण चिंचेखालीच राहतात का. मी म्हटलं, स्रोत गोपनीय आहेत. मॅडम म्हणाल्या, गुरुबसप्पा सर, त्यातल्या एकीचं नाव तुम्ही ठळक छापलंय.

निर्णय झाला: तिसऱ्या भागाला मी स्वतः लातूरला जायचं, थिएटरात बसायचं, पाहून बाहेर पडणाऱ्यांची मतं घ्यायची. मॅडम दोनदा म्हणाल्या, पाहून बाहेर पडणाऱ्यांची.

उत्तम. पेपर माझ्यावर मोठी जबाबदारी टाकतोय.

कात्रण डब्यातून परत आलं. त्यावर तेलाचा डाग होता. म्हणजे उघडलं तरी होतं.

३ एप्रिल, शुक्रवार

योजना: ज्ञानूला सोबत घेऊन सिनेमा. तीन तास डोकं मोकळं. तिच्या हॉस्टेलच्या मॅडमची आणि क्लासच्या मालकाची परवानगी मी फोनवरच घेतली. रेणुका म्हणाली, मॅडमला विचारलं, मालकाला विचारलं, थिएटरला बी विचारा, पोरीला तेवढं विचारू नका.

विचारायचं काय त्यात? आवडता सिनेमा आहे.

संकल्प: (१) डोळे उघडे ठेवणे. (२) किंचाळल्यास खोकल्याचा आव आणणे. (३) ज्ञानूशी मार्कांविषयी न बोलणे.

१० एप्रिल, शुक्रवार. लातूर, स्टँडवर, परतीच्या गाडीची वाट पाहत

संकल्प (३) हॉस्टेलच्या पायरीवरच मोडला. सहाशेच्या वर जाशील ना, विचारून बसलो. ती म्हणाली, बघू अप्पा. वाळलीय. चष्म्याचा नंबर वाढलाय, मला सांगितलं नव्हतं. आई कशी आहे विचारलं, मग रिक्षात सगळा वेळ बाहेर बघत होती.

तीनचा शो. पुढच्या रांगेत सुगत आणि अख्खा क्लब, ‘चिंचेखालची’चे काळे टी-शर्ट घालून. मला पाहून सुगतनं कपाळाला हात लावला.

दिवे गेले. चिंचा पडायला लागल्या. पाचव्या मिनिटाला ज्ञानूचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं घाबरली. धीर द्यावा म्हणून वाकून पाहिलं, तर झोपलेली. तोंड किंचित उघडं. पाच वर्षांची असताना झोपायची तशी.

मागचा माणूस किंचाळला, ती उठली नाही. पडद्यावर चार माणसं एकदम विहिरीत गेली, स्पीकर फुटायची वेळ आली, ती उठली नाही. माझी पंचाईत झाली. उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकलेला, डाव्यात तिची बॅग. हललो तर जाग येईल. तोंड झाकायला हातच शिल्लक नव्हता. डोळे मिटले तर नुसते आवाज ऐकू येत, ते जास्त वाईट. त्यामुळे अख्खा भुताचा सिनेमा मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

तिसरा भाग भिकार आहे. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर फारच भिकार आहे. त्या बाईला आता जुळी बहीण निघाली.

इंटरव्हलला सुगत आला. ज्ञानूला झोपलेलं बघून आवाज खाली आणला. सर, एकटक बघत होता तुमी, म्हणाला, मी मागं वळून वळून बघितलं. माझी बाटली संपलेली पाहून स्वतःची ठेवून गेला. जाताना म्हणाला, ग्रुपमध्ये परत घेतो, पन ते तळटिपा बंद करा.

बाहेर पडल्यावर उसाचा रस पाजला. मग, ग्लास हातात असताना, अगदी सहज विचारलं, तुझ्या मते कोणता भाग चांगला?

ती म्हणाली, पहिला. तो बघायला मला जायचं होतं.

मी म्हटलं, दुसरा?

म्हणाली, दुसरा प्रोड्युसरला पाहिजे होता, अप्पा. प्रेक्षकांना कुणी विचारलंच नाही.

वा! एका वाक्यात समीक्षा. लगेच वहीत टिपून घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तारीख टाकली, वेळ टाकली, ‘एक चाहती, लातूर’ असं लिहिलं. तिनं रस अर्धा ठेवला. म्हणाली, सातला टेस्ट आहे, जाऊ का? हॉस्टेलपर्यंत सोडलं. आत जाताना वळून हात केला. मी वही हलवली.

मत क्रमांक एक मिळालं. बाकीच्यांना विचारायचं राहून गेलं. सोमवारी सुगतकडून घेतो.

११ एप्रिल, शनिवार

लेख चालू. सुरुवात त्या वाक्यानं करायची. सकाळपासून तेवढंच वाक्य लिहून झालंय. पुढचं सुचत नाही. प्रकृती ठीक नसावी. मॅडमना कळवलं, उद्या देतो.

रेणुकाला वाक्य वाचून दाखवलं. ती चहा ठेवून आत गेली.

१२ एप्रिल, रविवार

तीनशे शब्द जमले नाहीत. मॅडमना तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, सर, घरी सगळं बरं आहे ना? मी हो म्हणालो.

मागच्या जूनमध्ये निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानू म्हणाली होती, अप्पा, मी नांदेडला बी.एस्सी. करते, मला शिकवायला आवडेल. मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, अगं, तुझा रिपीटरचा फॉर्म मी कालच भरून आलोय. ती बरं म्हणाली. मी सगळ्यांना सांगत आलो की पोरगी जिद्दीची आहे, स्वतःहून दुसऱ्यांदा बसली.

तिला हे वर्ष नको होतं. परीक्षेला एकवीस दिवस उरलेत. आज दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मी विचारलं तर ती खरं सांगेल की नुसतं बरं म्हणेल, मला माहीत नाही. विचारायची भीती वाटते.