वाल्मीकला वर नेल्यानंतर

मी, जयराम पुंजाजी देवरे, वय ६६, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मन अजून थाऱ्यावर नाही. पण कोणाला काय द्यायचे, ते मला नीट कळते.

१. सातपूरचे राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी संध्या हिला. मी घरी बांधलेल्या तीन विमानांपायी तिला अंगणात कधी वाळवण घालता आले नाही. पहिले उडालेच नाही, दुसरे शेजाऱ्याच्या कांद्यात उतरले. तरी ती 'पुरे' म्हणाली नाही.

२. वेल्डिंगचा संच व सर्व हत्यारे मुलगी उज्वला हिला. जावयाने ती विकू नयेत. त्यांनी माझ्या विमानाला 'उडती टपरी' म्हटले होते, हे मी विसरलेलो नाही.

३. तिसरे विमान. नामपूरच्या सामाईक शेतात मी धावपट्टी केली, म्हणून धाकटा भाऊ वाल्मीक माझ्याशी बोलेनासा झाला. पट्टीच्या मधोमध त्याने शेवगा लावला. यंदा दिवाळी झाल्यावर त्यानेच तो मुळासकट काढला आणि म्हणाला, "दादा, माले बी एक डाव वर लई जाय."

रविवारी सकाळी नेले. तो मागच्या सीटवर होता. वर गेल्यावर ओरडला, "आपलं घर कितलं धाकलं दिखस!" मी हसलो. त्याला मोसम नदी दाखवली, शाळा दाखवली. तो बोलेना, वाटले, बघत असेल. उतरल्यावर त्याचा पट्टा सोडायला वळलो, तर वाल्मीक गेलेला होता. हृदय बंद पडले, असे डॉक्टर म्हणाले. मेलेल्या भावाला मी किती वेळ गाव दाखवत होतो?

विमानाचे काय करायचे, ते उज्वलाने ठरवावे. मला त्याच्याकडे बघवत नाही.

४. शेतातील माझा हिस्सा मी वाल्मीकची पत्नी मीना हिला लिहिला होता. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार म्हणून सही करायला आलेली मीना समोरच बसली होती. म्हणाली, "मंग जमीन स्नेहाच्या नावे करा, दादा. गावात लोक म्हणतात, तुम्ही त्यांना मारलं. सही मीच करणार."

म्हणून हा हिस्सा मीनाची मुलगी स्नेहा हिला.

मजकूर पुन्हा वाचला. दोघांच्या देखत सही करतो. अक्षर माझेच आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: २७ नोव्हेंबर २०२५

(सही) जयराम पुंजाजी देवरे

साक्षीदार:
१. (सही) ललित अहिरे, शेजारी, सातपूर
२. (सही) मीना वाल्मीक देवरे, नामपूर