अठ्ठेचाळीस कोट आणि एक रकाना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कोट शिवणे व जुने कोट अंगाबरहुकूम करून देणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळचे लोक उरलेतही थोडेच. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा तेच म्हणाले, "पुरे आजी, आता मीच चुकायला लागलोय." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "माझी स्वकष्टार्जित मालमत्ता" असे छापलेले होते. त्यातला "स्वकष्टार्जित" हा शब्द मी खोडला आहे आणि खोडल्याजागी सही केली आहे. वकील म्हणाले, "अहो, सगळेच तसं लिहितात." लिहोत. माझ्या मालमत्तेतले थोडे माझ्या कष्टाचे आहे आणि बरेचसे एका माणसाने मला प्रेमाने दिलेले आहे. एकदा कागदावर खोटे लिहून मी चार वर्षे पस्तावले. आता परत नाही.

कलम १. पायाने चालवायची मशीन, मोठी कात्री, जड इस्त्री आणि मापांच्या सगळ्या वह्या काजवालीला द्याव्यात. तेवीस वर्षे ती माझ्याकडे काज करते आहे आणि तेवीस वर्षे काज करताना बोलते आहे. माझे कान किटले हे खरे, पण तिच्या काजांना कोणी नाव ठेवल्याचे आठवत नाही. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. मापांच्या वह्या फेकू नयेत. पोट सुटल्याचे गिऱ्हाईक तोंडाने कबूल करत नाही, तेव्हा वहीच पुढे करावी लागते.

कलम २. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला द्यावी. ही मात्र पै न् पै माझ्या कष्टाची आहे. बहीण कित्येक वर्षे "तुझं ते प्रकरण" एवढेच म्हणत आली. त्या माणसाला तिने कधी माणूस म्हटले नाही. पण माझ्या प्रत्येक आजारपणात डबा घेऊन तीच आली. डबा आपटून ठेवायची, पण आणायची. तेवढ्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

कलम ३. आता दुकान आणि वरच्या दोन खोल्या. त्या कोणाला द्यायच्या हे सांगण्याआधी त्या माझ्याकडे कशा आल्या हे सांगितले पाहिजे.

रंगवाले म्हणजे रंगाच्या कारखान्याचे मालक. बायको गेल्यावर चार महिन्यांनी ते एक राखाडी कोट घेऊन आले आणि "घट्ट करून द्या" म्हणाले. माणूस इतका वाळत चालला होता की तो कोट मी वर्षात तीनदा आत घेतला. चौथ्यांदा आले तेव्हा मी म्हटले, "साहेब, आणखी आत घेतला तर खिसे पाठीवर जातील. आता तुम्हीच जरा भरा." आणि वर नेऊन माझ्यासाठी केलेले जेवण त्यांना वाढले. पुढे तोच कोट मी दोनदा सैल केला. आमचे जमले ते असे. मी बिनलग्नाची, ते विधुर, दोघेही पन्नाशी ओलांडलेले. आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत अहोजाहो केले. त्यात जी माया होती ती अरेतुरेत मावली नसती.

मग घरमालकाने इमारत विकायला काढली. विकत घ्या नाहीतर जागा सोडा, असा निरोप आला. माझ्याजवळ काही नव्हते. रंगवाल्यांनी ऐकले आणि इतकेच म्हणाले, "तुमचं दुकान गेलं तर माझे कोट कोण बघणार?" त्या महिन्यापासून दर सात तारखेला त्यांचा चेक येऊ लागला. दुकान आणि वरच्या खोल्या मी कर्ज काढून घेतल्या; त्या चेकमधून कर्जाचा हप्ता भागून वर घरखर्चही निघायचा. मागितले मी काहीच नव्हते, आणि घेताना मान खाली गेली नाही, कारण देणाऱ्याने ती खाली जाऊ दिली नाही.

घोटाळा झाला तो कराच्या कागदांवरून. ते कागद बहिणीचा जावई करायचा. त्याने विचारले, "मावशी, दर महिन्याचे हे पैसे कशाचे दाखवू?" मी लाजले. बावन्नाव्या वर्षी भाचीच्या नवऱ्याला काय सांगणार? त्याने माझी लाज राखली आणि लिहिले: कोटांची शिलाई. "कापड, अस्तर, दोरा खर्चात टाकू. करही कमी बसेल." मी सही केली. न शिवलेल्या कपड्याचे पैसे मी आयुष्यात घेतले नव्हते.

म्हणून मी शिवायला बसले. पैसे शिलाईचे म्हणून लिहिले आहेत ना, मग शिलाई झाली पाहिजे. दर महिन्याला एक कोट, सात तारखेला तयार. निळा, काळा, तपकिरी, रेघांचा, चौकडीचा. वर्षभराने रंगवाले म्हणाले, "अहो बाई, मला पाठ एकच आहे." मी म्हटले, "कागद खरा झाला पाहिजे." त्यांनी मुकाट्याने हात वर केले आणि मी माप घेतले. चार वर्षांत अठ्ठेचाळीस कोट झाले. मला वाटायचे, मी किती सचोटीने वागते आहे! असा मूर्खपणा करायला शिंपीच व्हावे लागते.

मग कर कार्यालयातून नोटीस आली. कोणीतरी निनावी पत्र पाठवले होते: अमुक कारखानदार एका कोटवालीला पैसे पुरवतो, शिलाईच्या नावाखाली, आणि त्याच्या कपाटात तिने शिवलेले अठ्ठेचाळीस कोट आहेत. पत्राखाली नाव नव्हते. पण कपाट उघडणाऱ्यालाच कोट मोजता येतात. त्या घरात दोनच माणसे राहत होती, रंगवाले आणि त्यांची लेक. मी समजले.

रंगवाल्यांनी कारखान्याच्या गाडीतून सगळे कोट पुरावा म्हणून कार्यालयात आणवले. टेबलापलीकडे एक अधिकारीबाई होत्या, पुढे आम्ही सगळे त्यांना करबाई म्हणू लागलो. त्यांनी एका कोटाची बाही उलटी करून अस्तर पाहिले.

"काम सुरेख आहे. पण एका कोटाला दहा कोटांचे पैसे कोण देतं? एका कोटाची शिलाई धरली तरी बाकीचे पैसे कशाचे?"

जावई खोकला. मी म्हटले, "यांनी दिलेत. मला. सहज."

"म्हणजे भेट. मग दुसरा प्रश्न येतो. नातेवाइकाने दिलं असेल तर कर नाही. नवरा, भाऊ, सासरे, अशी यादी आहे. हे तुमचे कोण?"

रंगवाले उत्साहाने पुढे सरकले. "त्यात काय, आम्ही लग्न करतो. आजच करतो. कर वाचेल!"

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "तुम्ही इतक्या वर्षांत विचारलं नाही आणि आज कर वाचवायला विचारता? मी नाही करत जा."

"आणि केलंत तरी मागच्या चार वर्षांना ते लागू होत नाही," करबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. देणाऱ्याचे नाव, रक्कम, आणि तिसरा रकाना: नाते. "हा रिकामा ठेवता येत नाही."

जावई कुजबुजला, "मावशी, परिचित लिहा." मी पेन घेतले आणि लिहिले: माझा माणूस.

करबाईंनी ते वाचले. बराच वेळ वाचत होत्या, शब्द दोनच होते तरी. मग म्हणाल्या, "हे यादीत नाही. म्हणजे कर लागणार. खर्चाची सूट रद्द, वर दंड."

"लागू दे," मी म्हटले.

रंगवाले म्हणाले, "कर मी भरतो." करबाई म्हणाल्या, "तुम्ही भरलात तर ती आणखी एक भेट. तिच्यावरही कर." तेव्हा मात्र आम्ही तिघे हसलो, जावई सोडून.

तो कर मी स्वतः भरला. दीड वर्ष शाळेचे गणवेश शिवले, चोवीसशे तरी असतील, आणि त्यातून उरले ती कलम दोनमधली शिल्लक. पावती चौकटीत घालून मशीनच्या वर लावली. गिऱ्हाइके विचारतात, ही काय पदवी आहे का? मी हो म्हणते. लग्नाचा दाखला माझ्याकडे नाही. हा माणूस माझा होता याचा सरकारी शिक्क्याचा कागद म्हणजे तेवढी पावती. ज्यांच्यामुळे ती मिळाली त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि त्यात निनावी पत्र लिहिणारीही आली.

त्यानंतरची आठ वर्षे मी रंगवाल्यांसाठी एकही कोट शिवला नाही. ते यायचे, जेवायचे, माझ्या काजवालीची बडबड ऐकायचे. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षे.

ते गेल्यावर भागीदारांनी कारखाना विकला आणि देणी भागवता भागवता त्यांचे घरही गेले. महिन्याभराने त्यांची लेक गाठोडी घेऊन दुकानात आली. सगळे कोट होते. खाली ठेवून म्हणाली, "ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"अठ्ठेचाळीस आकडा वाचल्यापासून."

ती तिथेच स्टुलावर बसून रडली. मीही रडले. मग मी तिला जेवायला वाढले. मला दुसरे काही सुचत नाही. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "बाबा घरी जेवायचे नाहीत. मला वाटायचं, तुम्ही त्यांना तोडलंत." हे मला कधीच कळले नव्हते. एका बापाला जेवू घालताना घरी एक मुलगी ताट वाढून बसलेली असते, हे माझ्या डोक्यात आले नाही. माझ्याकडून एवढा एक अन्याय झाला आहे आणि तो मी इथे लिहून कबूल करते.

गेली सहा वर्षे ती दर रविवारी येते. कोट आम्ही दोघींनी उसवून, बेतून, ज्याला थंडी वाजते त्याला दिले. मला ती नावाने हाक मारत नाही, मावशी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. "अहो, ऐकलंत का," एवढेच. ती भाड्याच्या एका खोलीत राहते आणि घरमालकाने तिला उन्हाळ्यापर्यंत जागा सोडायला सांगितले आहे. इथे राहायला ये म्हटले तर मानत नाही. म्हणते, "मी तुमची कोण लागते?"

म्हणून लिहून ठेवते की दुकान व वरच्या दोन्ही खोल्या रंगवाल्यांच्या लेकीला द्याव्यात. काजवालीने दुकान भाड्याशिवाय चालवावे, हे माझे आणि काजवालीचे ठरले आहे. मृत्युपत्राने आलेल्यावर कर नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणजे जिवंतपणी दिले की खोदून विचारतात आणि मेल्यावर दिले की मुकाट्याने नावावर चढवतात. असो.

कलम ४. जावईबापूंना रेघांचा कोट द्यावा. उरलेल्या दोनांपैकी तो एक. त्यांनी माझी लाज राखायला खोटे लिहिले, वाईट हेतूने नाही. कोट त्यांना काखेत घट्ट होईल. काजवालीकडून सैल करून घ्यावा आणि शिलाई द्यावी.

कलम ५. दुसरा उरलेला म्हणजे तो पहिला राखाडी कोट. मला नेताना तो माझ्या अंगावर घालावा. मोठा होईल. आत घेऊ नये.

कलम ६. घर नावावर चढवण्याच्या अर्जात "मयताशी नाते" असा रकाना आहे. वकिलांनी काय लिहू म्हणून विचारले. मी तो रिकामा ठेवायला सांगितले आहे. माझा रकाना मी माझ्या हाताने भरला होता. तिचा तिने भरावा. परकी लिहिले तरी घर तिचेच. यादीत नसलेले काही लिहिले तरी चालेल, यादीबाहेरचे लिहिण्याची किंमत मी आधीच भरून ठेवली आहे. आणि लेकी, सुचलेच नाही तर घाई करू नकोस. रविवारी जेवून मग लिही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: कोटवाली

साक्षीदार १: समोरचे चष्मेवाले. (सही करताना माझाच चष्मा मागून घेतला.)

साक्षीदार २: करबाई, आता निवृत्त. बाकीचे पैसे कशाचे, हे यांनीच विचारले होते.

स्थळ: दुकान, कापड बेतायचे टेबल
तारीख: सात

जोडपत्र
घर घेणार: रंगवाल्यांची लेक
मयताशी नाते: ........................