घरी भरलेला बार

४ ऑक्टो. ८६, शनि., इब्रामपूर

डिचोलीहून दुपारच्या बसनं आले. घरात पाय ठेवला तर दादा आणि बाबा समोरासमोर, मधे टेबलावर विकतच्या काडतुसांचं खोकं. दादानं म्हापशाहून आणलंय. दसरा आला, भात पिवळं झालंय, रानडुकरं रोज खाली उतरतायत. तेव्हा बाबांनी आता पडवीत बसून काडतुसं भरण्याचा उद्योग बंद करावा आणि तयार वापरावीत, असं त्याचं म्हणणं.

"ऐंशीक पावले तुमी. घरांत बंदुकेची दारू आनी टोपयो घेवन बसतात. आनी पयशे वाचतात कितले? हिशोब करा."

बाबा खोक्याकडे बघेचनात. "माझो बार माका फुकट पडता." एवढंच.

मग दोघंही माझ्याकडे वळले. मी खाणीच्या ऑफिसात हिशेबाला, म्हणून घरातल्या सगळ्या भांडणांचा निकाल माझ्या गळ्यात. उद्या सांगते म्हटलं आणि आत पेज घ्यायला गेले.

५ ऑक्टो., रवि.

बसले खरी हिशेबाला. पितळी काडतुसं बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होते. तीच अजून चालू आहेत, म्हणजे त्यांचा खर्च धरायलाच नको. राहिली दारू, छर्रे आणि ठिणगी पाडणाऱ्या टोप्या. एवढंच धरलं तर घरचा बार दुकानातल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. पण दारू-टोप्या आणायला बाबांची म्हापशाची बस, अख्खा दिवस, भजी-पाव, आणि दुकानदार ओळखीचा म्हणून त्याच्या घरी न्यायच्या काकड्या, हेही धरलं तर दादा जिंकतो. बाबांच्या वेळेची मजुरी धरली तर बाबा केव्हाच बुडाले.

दादा खूश. बाबांनी शांतपणे विचारलं, "आनी आवाजाचो बार? तो खंय मेळटा विकत?"

हे मी साफ विसरले होते. बाबा वर्षभरात जे बार काढतात त्यातले बहुतेक नुसत्या आवाजाचे. आत छर्रे नसतातच. डुकराला मारायचं नाही, घालवायचं. "मारल्यार रात मासाचे वाटे करपांत वता. धांवडायल्यार जेवन न्हिदूंक मेळटा." असला बार दुकानात मिळत नाही. दादा म्हणाला, मग फटाके लावा. त्यावर बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो ट्रकचं तेल तपासायला बाहेर गेला.

विकतचं खोकं कपाटावर आहे. फोडलेलं नाही.

१९ ऑक्टो., रवि.

आज भरायला बसलो. पडवीत पाट, चूल लांब, बाबांची विडी त्याहून लांब. माझं काम लहानपणापासूनचं, चकत्या पाडायचं. आत दाबायला जाड चकत्या लागतात. आम्ही त्या लग्नपत्रिकांच्या पाडायचो, जुन्या कॅलेंडरांच्या पाडायचो. पोर्तुगीज गेले त्या वर्षी कोणा अंमलदारानं टाकलेलं फेल्टचं चेपें बाबांना मिळालं, त्याच्याही पाडल्या. ती टोपी आम्हाला फार पुरली. प्रत्येक बार काढला की बाबा म्हणायचे, "गेलो सायबाचो कान." आई आतून ओरडायची, चेडवाक कितें शिकयतात म्हणून. ओरडायची आणि स्वतःच हसायची.

किती छान दिवस होते ते. चौघं त्या पडवीत, आई उकड्या तांदळातले खडे निवडतेय, बाबांच्या बोटांना दारूचा काळा वास. आज तो वास आला आणि आई आतून हाक मारील असं वाटून मी मान वळवली.

भरून झालं की तोंडाला लाख लावायची. छर्रे असले तर लाल लाख, नुसत्या आवाजाला पांढरं मेण. ही आईची पद्धत. लाल दिसलं की लांब राहायचं, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत.

दादा तेव्हाही भरायला बसायचा नाही. त्याला बार काढायचा असायचा. भरायची मी, काढायचा तो. कोणालाच त्यात काही वाटत नसे, मलाही नाही.

२१ नोव्हें., शुक्र., डिचोली

ऑफिसात राजभाषा कुठली यावरून रोज कडाक्याचं भांडण. शेजारच्या टेबलांवरचे दोघे इतकी वर्षं एका डब्यात जेवायचे, आता एक कोंकणीचा, एक मराठीचा, डबे वेगळे. मला विचारतात, तू कुठल्या बाजूची? म्हटलं, घरी कोंकणी बोलते, रोजनिशी मराठीत लिहिते, आता कुठून कापायचं ते तुम्हीच सांगा. कोणी हसलं नाही. पूर्वी हसले असते.

गेल्या रविवारी बाबांना सांगत होते की बंद पुकारला तर मी यायची नाही. म्हणाले, "डुकरां बंद पाळनात."

खिडकी दिवसभर बंद ठेवली तरी खनिजाची तांबडी धूळ या पानावर आहेच.

१३ डिसें., शनि., इब्रामपूर. जत्रा

लिहून ठेवते.

बस नव्हती, दादाच्या ट्रकातून आलो. पालखी देवळाच्या पायऱ्या उतरली की आमच्या घरची बंदूक आभाळाकडे एक बार काढते. आजोबांपासूनचा मान. अर्थात पांढऱ्या मेणाचा बार, छर्ऱ्याविना. बाबांनी धोतर नेसलेलं, ताठ उभे. चाप ओढला आणि आवाजावरूनच मला कळलं. छर्ऱ्यांच्या बाराचा आवाज वेगळा असतो, जड. पाठोपाठ पिंपळाची पानं गळाली आणि अग्रशाळेच्या, देवळाच्या धर्मशाळेच्या, कौलांवर तडतड झाली. लोकांना वाटलं कुणी फटाक्यांची माळ लावली. अग्रशाळेच्या माडीवर मुलं पाय सोडून बसलेली. बंदूक जराशी कलती असती तर

कोणालाही लागलं नाही. देवाची कृपा. लोक पालखीमागून निघून गेले. बाबा बंदूक खाली करून तिथंच उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "घरा वचूंया." प्रसादाला थांबले नाहीत.

१४ डिसें., रवि.

दादा ट्रक घेऊन गेल्यावर काडतुसं अंगणात उन्हात आणली. लाख सगळ्यांना नीट लावलेली, मीच लावली होती. एक उचलून बाबांच्या हातात दिलं. हें खंयच्या रंगाचें? त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, उन्हाकडे धरलं, फिरवलं.

"धवें."

पांढरं म्हणे. होतं लाल.

मला रडू फुटलं. भीतीनं, आणि खरं सांगायचं तर रागानं. कधीपासून दिसत नाही? पेपर हातात धरून बसतात तो काय देखावा? म्हणाले, "सांगलें आसतें जाल्यार दादा बंदूक व्हरतलो आसलो. मागीर हांव कोण?"

बंदूक गेली तर आपण कोण, असं विचारणाऱ्याला मग मीच पाणी आणून दिलं.

११ जाने. ८७, रवि.

म्हापशाच्या डॉक्टरांकडे काल नेलं. आम्हाला वाटलेलं मोतीबिंदू. निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. दोन बाटल्या थेंब दिले.

दादाला परतीच्या वाटेवर जत्रेतलं सगळं सांगितलं. वाटलं, आता आकाशपाताळ एक करील. त्यानं ट्रक बाजूला घेतला, खाली उतरला आणि पायरीवर बसून राहिला. "कोणाक लागलें आसतें जाल्यार, शालू?" बाबा वर केबिनमधे, ऐकत असणार.

त्याचं म्हणणं सरळ आहे. परवान्याची मुदत पावसाआधी संपते. तेव्हा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. शेताला राखण ठेवायची, जत्रेत फटाके. दादाचं चुकत नाही, हीच तर अडचण आहे. तो चुकीचा असता तर मी मस्त भांडले असते.

८ फेब्रु., रवि.

भाषेचं बिल पास झालं. पेपर मी मोठ्यानं वाचून दाखवला. बाबांनी अर्ध्यावर थांबवलं, म्हणाले, डुकरांनी वायंगणी भाताचं शेत उकरलं त्याचं काय आलंय त्यात?

म्हणून परत भरायला बसलो. आता भरते मी एकटी. बाबा बाजूला बसून ऐकतात. काडतूस कानाजवळ हलवून आत छर्रे आहेत का सांगायला गेले आणि दोनदा चुकले, कारण मी चकती घट्ट बसवते. चूक माझी नाही, बसवायला त्यांनीच शिकवलंय. शेवटी आवाजाच्या काडतुसांना आईच्या शिवणाच्या डब्यातला जाड दोरा गुंडाळला. बाबांनी अंगठा फिरवला, परत फिरवला. "हां. हें कळटा."

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा, "गेलो सायबाचो कान." उगाचच. बार निघालाही नव्हता. आम्ही दोघं हसत सुटलो.

हे मात्र दादाला कसं समजावू? त्याला वाटतं बाबांना बंदूक हवी. बंदूक काय, भिंतीला टांगलेली असते. त्यांना हा पाट हवाय. मलाही.

२२ मार्च, रवि.

दादा त्याच्या बिऱ्हाडाहून आला होता, वयनीनं पाठवलेल्या सांदणांसकट. पुन्हा तेच. मी म्हटलं, दोरा बांधलाय, भरते मी, आता चुकायचं नाही. तो म्हणाला, "आनी सोमार ते शुक्रार? तूं डिचोलेंत. हे एकटे. काळखांत भायर डुकर आयलें की हे उठतले आनी बंदूक घेतले. दोरो कितें करतलो?"

मी आणखी एक सांदण घेतलं. सांदणं चांगली झाली होती.

३० मे, शनि.

आजपासून गोवा राज्य. शाळेत पेढे वाटले, दादाही पेढे घेऊन आला. रेडिओवर भाषणं. बाबांनी पेढा खाल्ला, रेडिओ बंद करायला लावला आणि म्हणाले, "परवानो शालूच्या नांवार कर."

दादा हसला. बाबा हसले नाहीत तसा थांबला.

"ती डिचोलेंत रावता, बाबा. बंदूक हांगा आनी धनीण थंय? कोण दितलो परवानो?"

"मागीर हांगा रावतली."

मला कोणी विचारलं नाही. मी तिथंच पेढ्याचा कागद घडी करत उभी.

संध्याकाळी देवळाचे महाजन आले, दादानंच बोलावलेले बहुतेक. त्यांना अडचण मी बाई असण्याची: बायल मनशेन पालखेमुखार बार काडपाचो? असो केन्नाच जावंक ना. बाबा म्हणाले, "राज्य तरी केन्ना जाल्लें?" महाजनांनी सुपारी तोंडात टाकली आणि पळोवया, म्हणजे बघू, म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

डिचोलीची खोली. नळाला पाणी येतं, बुधवारी पगाराच्या पैशांनी मासे घेते, कोणाला विचारावं लागत नाही. पेन्शनला अजून वर्षं आहेत. चव्वेचाळीसाव्या वर्षी नोकरी सोडून डुकरं राखायला यायचं? लोक काय म्हणतील ते सोड, मीच मला काय म्हणेन. आणि न यावं तर बाबा त्या पाटावर कोणाबरोबर बसणार?

दादाला मंगळवारी मामलतदार कचेरीत कळवायचंय, जमा की माझं नाव.

३१ मे, रवि.

संध्याकाळी परसातल्या फणसाखाली डुकरं आली. बाबांना माझ्याआधी ऐकू आलं. बंदूक उतरवली, दोरा गुंडाळलेलं काडतूस चाचपलं, दोरा सोडवून ते आत सरकवलं, आणि बंदूक माझ्या हातात दिली. कायद्यानं चालत नाही, ते मला माहीत आहे.

इतकी वर्षं भरले, पण आयुष्यात एकही बार काढला नव्हता. हे त्यांनाही तेव्हाच आठवलं असावं. मागं उभे राहिले, माझं कोपर थोडं वर केलं, हनुवटी दस्त्याला लावली. आभाळाकडे धरली. चाप ओढला.

केवढा आवाज. चार पावलं मागं सरकले मी. डुकरं काजूंच्या बाजूनं पळाली, पिल्लं सुद्धा. मला एकाच वेळी हसू आणि रडू. आईला दाखवायला हवं होतं.

बाबा धुराकडे तोंड करून उभे. "गेलीं?"

"गेलीं."

"खांदो दुखता?"

दुखतो म्हटलं. खूप दुखतोय.

"म्हणजे बरी धरूंक ना तुवें. फाल्यां परत करूंया."

फाल्यां म्हणजे उद्या. उद्या सोमवार. सकाळची डिचोलीची बस.