चौदावरून एकसष्ट

मी, खाली सही करणारी, वय ब्याऐंशी, एका लहान माध्यमिक शाळेची सव्वीस वर्षे मुख्याध्यापिका, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तसा दाखला दिला. त्यावरची तारीख चुकली होती, ती मी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली. माझ्या बुद्धीचा याहून वेगळा पुरावा लागू नये. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ही माझी शेवटची इच्छा समजावी.

१. दोन खोल्यांचे घर धाकट्या बहिणीला. एकतीस वर्षे ती मला सांगत आली, "ताई, हे घर आहे, शाळा नाही." आता तिने ते घरासारखे वापरावे. स्वयंपाकघरातले वेळापत्रक काढले तरी माझी हरकत नाही.

२. सायकल भाच्याला. "मावशी, सायकल घेऊन मी काय करू?" असे तो विचारील. चालवावी.

३. पृथ्वीगोल भूगोलाच्या निवृत्त सरांना. त्याला दक्षिण ध्रुवापाशी आलेला पोचा त्यांच्याच हातून आला आणि ते आजही शिपायाचे नाव घेतात. तो पोचा त्यांच्या रोज नजरेस पडावा.

४. बँकेतील ठेव शाळेला, एका अटीवर. जिन्यापाशी एक फळा आहे. दर शनिवारी त्यावर मुलांची नावे लिहितात, पण पहिल्या आलेल्यांची नव्हे. ज्याने स्वतःचेच मागचे गुण ओलांडले, त्याचे नाव आणि दोन आकडे. संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले होते, "बाई, नवाचे पंधरा झाले, त्यात टाळ्या कसल्या वाजवायच्या?" मी म्हणाले, "पहिल्या आलेल्याला घरचे वाजवतातच. याला आपण नाही तर कोण?" एकशे दहा मुलांची शाळा, पण नवाचे पंधरा झालेल्या मुलाला मिळालेल्या टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू जात. हा फळा उतरवून तिथे गुणवंतांचे फोटो लावले, तर ठेव बहिणीकडे जावी.

५. कपाटातील अकरा वह्या. यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

मुले मला पाठीमागे फुटपट्टी म्हणत आणि दहावीतल्या एका मुलीला मुंगी, कारण तिचे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक होते. सहामाहीला तिला गणितात चौदा गुण मिळाले. चुकलेले प्रत्येक गणित तीनदा सोडवून वही दाखवायची, हा नियम माझाच. पुढच्या परीक्षेत तिला एकसष्ट मिळाले आणि फळ्यावर नाव लागले. मी पेपर मागवला. अक्षर मोठे आणि गोल होते. मी तिला खोलीत बोलावले.

"हा कोणी लिहिला?"

"मीच, बाई."

"हे तुझं अक्षर नाही."

"आता हेच आहे, बाई."

मी तिला उद्धट ठरवले. सगळ्या शाळेसमोर फळ्यावरचे तिचे नाव स्वतः पुसले. सोमवारी ती आली नाही, नंतरही कधी आली नाही.

मागच्या महिन्यात माझ्या घरी राहिलेली शाळेची जुनी पेटी आवरताना या वह्या सापडल्या. पहिल्या वहीत मुंग्या आहेत. चौथ्या वहीत अक्षर सुटे होऊ लागते. अकराव्या वहीत ते त्या पेपरातलेच आहे. आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत माझी सही आहे, वर "पाहिले" असा शेरा. मी एकही पान पाहिले नव्हते.

मुंगीने पुढे बाहेरून परीक्षा दिल्या. आज तिचे औषधांचे दुकान आहे. मी वह्या घेऊन गेले. तिने पाने उलटली.

"सगळीकडे 'पाहिले' लिहिलंय."

"हो."

"पाहिलं असतं तर बरं झालं असतं, बाई." आणि तिने पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

म्हणून माझी इच्छा अशी: माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या शनिवारी शाळेत हे कलम वाचून दाखवावे आणि फळ्यावर मुंगीचे नाव पुन्हा लिहावे. वह्या शाळेत ठेवाव्यात.

६. लाल पेन कोणालाही देऊ नये.

७. इथवरचा मजकूर टाइप केलेला आहे. हे कलम मी आत्ता, साक्षीदारांसमोर, हाताने लिहीत आहे.

मुंगीला मी माझी पुस्तके देऊ केली होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. ती म्हणाली, "मग साक्षच देते. पुस्तकं आहेत माझ्याकडे." आज दुकान बंद करून ती आली, बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली. वकिलांनी घड्याळ पाहिले.

"साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, बाई."

"मी वाचल्याशिवाय औषध देत नाही, सही कशी करू?"

पाचव्या कलमापाशी ती थांबली. चष्मा काढून माझ्याकडे वळली.

"हे मेल्यावर कशाला? परवा शनिवारच आहे."

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीही तेच म्हणत होते." ती असे काहीही म्हणत नव्हती.

सबब, पाचव्या कलमातील शेवटची इच्छा मी रद्द करीत आहे. ते काम परवा मी स्वतः करीन. जिना नऊ पायऱ्यांचा आहे, पण फळा खालीच आहे. वह्या मुंगीच्याच आहेत, त्या तिला आजच परत केल्या. मृत्युपत्राने देण्याजोग्या त्या माझ्या कधीच नव्हत्या.

ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: सहामाहीच्या निकालानंतरचा पहिला गुरुवार.

सही: मुख्याध्यापिका (निवृत्त)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही. तारीख बरोबर.

साक्षीदार दुसरी: औषध दुकानदार. सही, मोठ्या गोल अक्षरात. त्यावर शेरा: वाचले.