धुतलेला पोंचो

प्रिय विल्बर,

तुझी काळी अल्पाका व्यायली. पिल्लू तुझ्यासारखंच हट्टी, हाक मारली की नेमकं उलट्या दिशेला पळतं. बटाट्याचं निम्मं पीक गारांनी झोडपलं. बराकीत तुला पोटभर मिळतं ना?

बाबांचं तुला कळलंच असेल. सगळं गाव नवी राज्यघटना मागायला शहरात निघालं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुम्हाला साधं वाचता येत नाही, घटना काय करायचीय? तर हसून म्हणाले, अगं, मला वाचता येत नसलं तरी त्यात मी असायला नको का? पुलावर तुमचीच तुकडी उभी आहे असं कळल्यावर तर उलट खूश झाले. म्हणे, आपलंच पोरगं आहे तिथं, आता कशाला घाबरायचं! तुझ्यासाठी भाजलेला मका बांधून घेतला. गोळी त्यांना पाठीत लागली, धावपळीत मागे फिरताना.

आणि मी काय शहाणपणा केला ते ऐक. पाचव्या दिवशी आत्यांबरोबर नदीवर जाऊन बाबांचे कपडे धुतले. रीतच आहे आपली, ती कोण चुकवणार? अंगावरच्या लोकरी पोंचोवरचं रक्त निघेना, तर हात सोलवटेपर्यंत घासलं. बापाचा पोंचो मुलाच्या वाट्याला येतो, म्हणून पाठीवरचं भोकही त्याच रंगाच्या लोकरीनं रफू केलं. तुला ते दिसू नये असं वाटलं रे.

परवा बाबांचा खटला लढणाऱ्या वकीलबाई आल्या. म्हणाल्या, पोंचो द्या, पुरावा तोच. मी घडी पुढे ठेवली. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, भोक सापडेना. डोक्याला हात लावून बसल्या बिचाऱ्या. सरकारी कागदावर लिहिलंय, आंदोलकांच्याच दगडानं मेले. डॉक्टरला न दाखवताच आपण पुरलं, आणि आता कबर उकरायला आत्या मुळीच तयार नाहीत.

शुक्रवारी सुनावणी आहे. पुलावर तू होतास. तोंडं झाकलेली असली तरी हुकूम कुणी दिला, बंदुका कुणी उचलल्या, तुला ठाऊक आहे. ये आणि सांग. ते तुला तुरुंगात टाकतील, हे कळत असूनही बोलावते आहे. राग आला तर येऊ दे. एक विचार मला आतून खातोय, तो मी आत्यांजवळही बोललेले नाही. गोळी तुझी नसेल, तर येऊन सांग. तुझी असेल, तरीही ये. कोर्टात मी तुझ्याच शेजारी उभी राहीन.

अजूनही तुझीच ताई,
एर्मेलिंदा