बोल्टवरची पिवळी रेघ

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. खरं तर तुझा कान पिळायला हात शिवशिवतोय. फोनच केला असता, पण फोन असतो बाबांच्या टेबलावर, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं असतं ते त्यांच्या कानावर जायला नको.

परवा वरच्या चौकीवर नदीचं पाणी मोजून आम्ही दोघी खाली येत होतो, मी आणि माझी सहकारीण. उतार, सुट्टे दगड, डावीकडे दरी. वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक वळलाच नाही. खालून फक्त खडखडाट झाला. नशिबाने तो उजवीकडे ओढला गेला आणि डोंगराच्या कड्याला आपटला. डावीकडे गेला असता तर हे पत्र लिहायला मी नसते. तिच्या कपाळाला सात टाके पडले. बिचारी मलाच म्हणत होती की, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

मी खाली शिरून पाहिलं. तू मोठ्या कौतुकाने बसवून दिलेला तो नवा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स चासीवर डुलत होता. चार बोल्टांपैकी एक कुठेतरी पडून गेलेला, उरलेले तीन मी नुसत्या बोटांनी फिरवले. आणि त्या तिन्ही बोल्टांवर आपल्या गॅरेजची पिवळी रेघ! तुटून अर्धी बोल्टवर, अर्धी चासीवर.

आपल्या घरात आपण चालायला शिकलो त्याच्या आधीपासून एक नियम आहे. जो आवळतो तो रंगवत नाही. दुसऱ्याने येऊन पाना लावायचा, बोल्ट जागचा हलला नाही तरच रेघ ओढायची, आणि एकदा रेघ ओढली की त्या बोल्टला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. तू घाईत स्वतःच रेघा ओढून मोकळा झालास ना? बहिणीची गाडी, चालून जाईल, असं वाटलं का तुला?

उत्तर ताबडतोब पाठव. बाबांना काही बोलू नकोस. प्रकृतीला जपा, हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, तुझ्यासाठी नाही.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघी वाचलात हे वाचून आधी खाली बसलो. तुझ्या सहकारिणीच्या टाक्यांचं फार वाईट वाटलं, त्यांना माझ्या वतीने माफी सांग. पण पत्रातलं पुढचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या गाडीला मी चालून जाईल म्हणतो?

तुझा खांदा भरून येतो असं तू दिवाळखोरासारखं रडगाणं लिहिलंस म्हणून मी हा उद्योग अंगावर घेतला. जुना बॉक्स इतका झिजला होता की स्टिअरिंग चार बोटं फिरलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसायचा. नवा बॉक्स शोधायला मी तीन भंगारवाले पालथे घातले. त्याचा जोर जास्त, म्हाताऱ्या चासीला चीर जाईल, म्हणून आतून जाड पट्टी वेल्ड केली. बोल्टांच्या भोकांत नळ्या बसवल्या, म्हणजे आवळताना चासी चेपू नये. पाच दिवस पाठीवर पडून काम केलं. आणि तू म्हणतेस घाईत!

रंगाच्या ब्रशला मी आयुष्यात हात लावलेला नाही. चारही बोल्ट मी आवळले, बाबांनी पाना लावून पाहिले, रेघ बाबांनी ओढली. आता काय, त्यांनाही जाब विचारणार? वर्षातून दोनदा पाहुणीसारखी येतेस आणि तिकडे बसून आम्हाला कायदे शिकवतेस. त्या खडकाळ वाटेवर तू ट्रक कसा हाणतेस हे मला ठाऊक आहे.

बाकी इकडे ठीक. रागावलो असलो तरी ट्रक ओढून इकडे आणायची सोय मीच करीन.

तुझा,
धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

खोटं बोलायचं असेल तर निदान मला पटेल असं बोल. तीन बोल्टांतला एक माझ्या टेबलावर आहे. त्याच्यावरची रेघ बाबांची नाही. बाबांची रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी असते, तुला मला दोघांनाही ती कधी जमली नाही. ही तर ओल्या मातीत गांडूळ फिरावं तशी आहे. रंगाचा ओघळ आलाय, अर्धा रंग वॉशरवर सांडलाय. बाबा असं काम करतील? अठरा वर्षांची असताना मी बसवलेलं चाक त्यांनी तीनदा उतरवायला लावलं होतं, आणि तिसऱ्यांदा रेघ ओढताना तोंडातून शब्द काढला नाही. मी तेवढ्या मौनावर महिनाभर हवेत होते.

म्हणून सांगते, स्वतःच्या चुकीवर बाबांचं नाव घालू नकोस. चूक एकवेळ गिळीन, हे गिळणार नाही. आणि बोल्ट तू आवळलेस म्हणतोस, तर आठवून सांग. लांब दांड्याचा पाना घेऊन चौथा बोल्ट आवळलास तेव्हा दुपार होती की संध्याकाळ? या पत्राचं सरळ उत्तर आलं नाही तर मी बाबांनाच विचारीन.

माझा स्वभाव तुला माहीत आहे.

ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुपार होती की संध्याकाळ, मला आठवत नाही. तुझं पत्र आल्यापासून तेच आठवतोय. बोल्ट मी छोट्या पान्याने टेकवून ठेवले होते, हे नक्की. स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जोडताना बोटभर आखूड पडत होता, म्हणून जोड शोधायला बाजारात गेलो. लांब पाना आल्यावर लावायचा होता. परत आलो तर चारही बोल्ट पिवळे. मला वाटलं, म्हणजे मी आवळूनच गेलो असणार. रेघ समोर होती ना! माझ्या आठवणीपेक्षा मी त्या रेघेवर विश्वास ठेवला, आणि नियमाप्रमाणे पुन्हा हात लावला नाही.

रेघ बाबांचीच आहे, ताई.

गेल्या थंडीपासून त्यांचे हात थरथरतात. शर्टाची वरची बटणं मी लावून देतो आणि कॉलर नीट करतोय असं दाखवतो. चहाचा पेला अर्धाच भरतो. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस, डॉक्टरांची रांग लावली असतीस, आणि त्यांनी पाना खाली ठेवला असता. मग ते दिवसभर काय करतील? तपासणं एवढंच तर त्यांच्याकडे उरलंय. गिऱ्हाईकं अजून त्यांची रेघ बघितल्याशिवाय चावी उचलत नाहीत.

आता रोज ते जेवायला गेले की त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक बोल्टला मी चोरून पाना लावतो. हे घरात आजवर कुणी केलं नव्हतं. दोन गाड्यांत एकेक सैल सापडला. मी तो आवळतो आणि रेघ फाटली की त्यांच्यासारखीच वाकडी पुन्हा ओढतो. ब्रशला हात लावला नाही असं तुला लिहिलं होतं. आता तेही खोटं झालं.

अपघाताचं त्यांना सांगितलेलं नाही. तुझ्या पाया पडतो, तूही सांगू नकोस. हवं तर मला शिव्या दे, जन्मभर दे. त्यांच्यापर्यंत हे पोचलं तर ते खचतील.

धाकटा


ता. २४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्याने मला गप्प राहायला सांगितलं आहे. मी त्याच्यावर इतकी चिडले आहे की त्याचं ऐकणार नाही, आणि तुमच्यावरही चिडले आहे, हे तुमच्याशी खोटं न बोलता लिहिते.

सोबतच्या डबीत एक बोल्ट आहे. तो ट्रकच्या नव्या स्टिअरिंग बॉक्सचा आहे. त्याच्यावर रेघ असताना तो सैल होता. आम्ही दोघी दरीत जाता जाता वाचलो, माझ्या सहकारिणीच्या कपाळाला सात टाके पडले. धाकट्याने तो पुरता आवळला नव्हता, ही त्याची चूक. पण तुम्ही तपासून रेघ ओढलीत. तुम्ही पाना लावला होता का? मला तेवढंच कळायला हवं. लहानपणी तुम्ही आम्हाला हाच प्रश्न विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत दारातून हलायचा नाहीत.

हे लिहिताना मला रडू येतंय. तरी लिहिते आहे, कारण तुमची रेघ बघून उद्या आणखी कुणी गाडी घेऊन उतारावर जाईल.

तुमची,
थोरली


ता. २ एप्रिल

चि. थोरली आणि चि. धाकटा, दोघांनाही,
अ. उ. आ.

एकच पत्र दोघांना लिहितोय. धाकटा शेजारच्या खोलीत बसलाय, तरी त्यालाही टपालानेच मिळेल. समोर बोललो तर माझा हात उठेल.

थोरले, पाना लावला होता. चारही बोल्टांना लावला, अंगात होता तेवढा जोर केला. एकही हलला नाही. म्हणून रेघ ओढली.

तुझी डबी आली त्या दिवशी मी धाकट्याला कामाच्या टेबलावर बारा बोल्ट लावायला सांगितले. काही घट्ट, काही नुसते टेकवलेले, कुठले ते मला सांगायचं नाही. तो नको नको म्हणत होता. मी ओरडलो तेव्हा लावले. मग मी एकेकाला पाना लावला. बाराच्या बारा मला घट्ट लागले. त्यातले सात सैल होते.

म्हणजे माझ्या हाताला आता सगळेच बोल्ट घट्ट लागतात. हे मला कळणार कसं होतं? ज्याला कळलं होतं तो माझा पेला अर्धा भरत बसला. धाकट्या, मी काय लहान मूल आहे? माझ्या पाठीमागे पाना फिरवलास, माझी रेघ माझ्यासारखी वाकडी काढलीस! आपल्या दुकानात त्या रेघेखेरीज होतं काय? तीच तू खोटी केलीस, आणि मला वाचवतोय असं समजलास. उद्यापासून पेला पूर्ण भर. सांडला तर फडकं माझ्याजवळ आहे. गेल्या थंडीपासून मी रंगवलेल्या सगळ्या गाड्या परत बोलवायच्या. का बोलावल्या ते गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडायचं नाही.

थोरले, तुझ्यावरही राग आहे. आधी दोन पत्रं भावाशी भांडण्यात घालवलीस. तेवढ्या दिवसांत सहा गाड्या माझी रेघ घेऊन दारातून गेल्या. पुढच्या रविवारी ये, ट्रक इथे आलाय. धाकटा आवळेल, पाना तू लावायचा, रेघ तू ओढायची. ब्रश धुऊन ठेवलाय. मी स्टुलावर बसून ओरडेन, आवाज अजून शाबूत आहे. तुझ्या मैत्रिणीला घेऊन ये, मला तिच्यासमोर उभं राहायचंय.

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. अक्षर कसं आलंय ते दिसतंच आहे. धाकटा म्हणाला होता, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं नको, तिला दिसू दे.

रागासकट लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

बाबा